लहान सागरी मत्स्यालय : सहवासी माशांची निवड

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. काचेमागे संथपणे फिरणारे समुद्रातील रंगीबेरंगी मासे तेथे प्रथम पाहिल्याची आठवण अनेक मराठी वाचकांच्या मनात असेल. त्या मत्स्यालयाला एक मोठी सोय होती; समुद्र रस्त्यापलीकडेच होता. दिल्लीत तशी सोय नाही. येथून अगदी जवळचा समुद्रकिनाराही शेकडो किलोमीटर दूर आहे. असे असूनही दिल्लीतील व आसपासच्या नगरांतील काही घरांत आणि शाळांत आज खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तेथे समुद्र माणसाला स्वतःच्या हाताने तयार करावा लागतो, आणि त्यात कोणी राहावे हेही त्यालाच ठरवावे लागते.

या दोन कामांपैकी दुसरे अधिक अवघड आहे. पाणी बिघडले तर ते बदलता येते. परंतु एकमेकांशी न जमणारे मासे एकत्र ठेवले, तर दुर्बळाला पळून जाण्यास जागाच नसते. म्हणून मासा निवडताना त्याच्या रंगाचा विचार शेवटी करावा. प्रथम एकच प्रश्न विचारावा : समुद्रात या माशाचे घर केवढे असते?

टाकीत पाणी किती?

आपण ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर उंच अशी टाकी घेऊ. तिचे घनफळ सुमारे २०२ लिटर होते. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा केली, म्हणजे प्रत्यक्ष पाणी सुमारे १७० लिटर भरते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने या टाकीला सुमारे सहा किलोग्रॅम क्षार लागतील. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम भागत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठराविक प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यालयाकरिता मुद्दाम तयार केलेले मिश्रणच वापरावे, आणि ते आर.ओ. यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. या टाकीतील १७ लिटर पाणी उडून गेले, तर उरलेल्या पाण्याची क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाईल. मे महिन्यात दिल्लीत कोरडी लू वाहते तेव्हा ही घट झपाट्याने होते. म्हणून उडून गेलेल्या पाण्याची भर रोज गोड्या पाण्यानेच घालावी. खाऱ्या पाण्याने घातल्यास क्षारता वाढतच जाईल.

टाकी भरली म्हणजे ती लगेच माशांना राहण्यायोग्य झाली, असे नव्हे. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो आणि तो विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक आहे. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी वेळोवेळी बदलून काढून टाकता येते. हे जीवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. अन्नाची चिमूटभर भुकटी टाकून जीवाणूंना पोसावे. अमोनिया आणि नायट्राइट या दोहोंची तपासणी शून्य येऊ लागली, की टाकी तयार झाली असे समजावे.

प्रवाळखडकावरील भांडणे

प्रवाळखडक बाहेरून शांत व सुंदर दिसतो. वस्तुतः तेथील इंच न् इंच जागेला कोणी तरी मालक असतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या माशांच्या वर्तनाचे वर्णन केले आहे. भडक रंगाचे अनेक मासे परजातीच्या माशांपेक्षा स्वजातीच्या माशावर अधिक त्वेषाने धावून जातात, असे त्यांना आढळले. स्वजातीयालाच तेच अन्न व तीच कपार हवी असते. म्हणून खरा प्रतिस्पर्धी तोच. हा नियम सर्व जातींना सारखा लागू पडत नाही, हे पुढील निरीक्षणांवरून दिसून आले. तरी लहान टाकीचा विचार करताना तो उपयोगी पडतो. सारख्या आकाराचे, सारख्या रंगाचे व सारखे अन्न खाणारे दोन मासे जोडी म्हणून एकत्र राहत नसतील, तर त्यांना एका टाकीत ठेवणे धोक्याचे असते.

समुद्रात हरलेला मासा चार-पाच मीटर दूर जातो आणि तंटा मिटतो. आपली टाकी एक मीटर लांबही नाही. तेथे हरलेला मासा जेत्याच्या दृष्टीआड होऊ शकत नाही. तो कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाजवळ थरथरत राहतो, अन्न सोडतो आणि काही दिवसांत मरतो.

चार कसोट्या

मासा विकत घेण्यापूर्वी त्याला पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली, पूर्ण वाढीची लांबी. दुकानात दिसतो तो बहुधा पिल्लू असतो. या टाकीसाठी दहा सेंटिमीटरांहून अधिक वाढणारा मासा घेऊ नये.

दुसरी, निसर्गातील संचार. काही मासे सारे आयुष्य एका बिळाजवळ काढतात; काही दिवसभर खडकाच्या कडेने दूरवर चरत फिरतात. पहिल्या प्रकारच्यांना लहान टाकी सोसते. दुसऱ्यांना ती तुरुंगच होय.

तिसरी, अन्न. जो मासा गोठवलेली कोळंबी व तयार खाद्य आनंदाने खातो तो घ्यावा. केवळ एकाच प्रकारच्या सजीव भक्ष्यावर जगणारा मासा भरल्या टाकीत उपाशी मरतो.

चौथी, स्वभाव. पहिल्या तीन कसोट्यांना उतरलेला मासाही भांडखोर असू शकतो. निळे डॅमसेल मासे याचे उदाहरण आहेत. ते लहान, काटक व स्वस्त असल्यामुळे नवशिके ते प्रथम आणतात. पुढे तेच टाकीचे मालक होऊन बसतात आणि नव्या माशाला टिकू देत नाहीत.

एक नमुनेदार कुटुंब

या कसोट्यांना उतरणाऱ्या चार माशांचे एक कुटुंब आपण पाहू.

फायरफिश हा सुमारे आठ सेंटिमीटरांचा, पुढे फिका व शेपटीकडे लालभडक मासा बिळाच्या तोंडाशी पाण्यात तरंगत राहतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. तो भित्रा आहे. दचकला की उडी मारतो. म्हणून टाकीवर जाळीचे झाकण अवश्य असावे. टाकीत तो एकच ठेवावा.

पिवळा गोबी वाळूवर राहतो. कोकणच्या खाड्यांतील चिखलावर उड्या मारणारी निवटी वाचकांस ठाऊक असेल. गोबी हा तिचाच गणबंधू. याचे पिस्तूल-कोळंबीशी असलेले सहजीवन मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कोळंबी बीळ खणते व सावरते, परंतु तिची दृष्टी अधू असते. ती आपली मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसताच गोबी शेपटी हलवतो आणि दोघे बिळात शिरतात. एकाकडे डोळे, दुसरीकडे नांगी, असा हा संसार आहे.

क्लाउनफिश म्हणजे विदूषक मासा. याची जोडी ठेवावी. अंदमानच्या समुद्रातही आढळणारी ऑसेलॅरिस ही जात तुलनेने शांत असते. समुद्रात हा मासा आपल्या समुद्रफुलापासून काही मीटरांपलीकडे क्वचितच जातो. म्हणून आपल्या टाकीत तो सुखाने राहतो. समुद्रफूल जोपासणे कठीण असते आणि त्यावाचून या माशाचे अडत नाही. याचा जीवनक्रम नवल वाटावे असा आहे. जोडीतील मोठा मासा मादी व लहान नर असतो; मादी मेली, तर तोच नर पुढे मादी बनतो. यामुळे दोन पिल्ले आणली असता त्यांची जोडी आपोआप ठरते. तिसरे आणले, तर त्याचा छळ होतो.

मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. जो प्रथम येतो तो जागेचा मालक होतो. म्हणून भित्र्याला प्रथम व धीटाला शेवटी सोडावे. आधी फायरफिश, तीन-चार आठवड्यांनी गोबी व कोळंबी, आणि त्यानंतर तितक्याच अवधीने क्लाउनफिशची जोडी. प्रत्येक नवा मासा आधी किमान चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा; कारण अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, की त्यावरील तांब्याचे औषध कोळंबीलाही मारते.

या चौघांच्या जागा वेगळ्या आहेत : वाळूवर गोबी, बिळाच्या तोंडाशी फायरफिश, एका कोपऱ्याच्या आश्रयाने क्लाउनफिश. टाकी रिकामी दिसते म्हणून पाचवा मासा आणण्याचा मोह होईल, तो आवरावा.

कोणते मासे आणू नयेत

२००३ साली ‘फाइंडिंग नेमो’ हा चित्रपट निघाल्यापासून मुले क्लाउनफिशबरोबर निळा सर्जनफिशही मागतात. तो तीस सेंटिमीटरांपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहतो. आपल्या टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. फुलपाखरी माशांच्या काही जाती केवळ प्रवाळांचे जीव खातात. मँडरीन मासा अतिसुंदर असतो, पण त्याला दिवसभर सूक्ष्म जिवंत कवचधारी लागतात. लहान टाकीतील साठा तो संपवतो आणि मग खंगत जातो. इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपणारा सफाई मासाही चार माशांवर पोट भरू शकत नाही. केंड कोळंबी फोडून खातो. सिंहमासा तोंडात मावेल ते गिळतो, आणि त्याचे काटे विषारी असतात.

कायदा आणि उगम

समुद्रघोडे व प्रवाळ टाकीत ठेवू नयेत, कारण येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा व समुद्रघोड्यांच्या कुलाचा समावेश झाला. त्यांना पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. शाळेने भाजलेल्या मातीचे कृत्रिम खडक वापरावेत. जीवाणूंना व माशांना ते पुरेसे होतात.

मासा कोठून आला हेही विचारावे. पॅसिफिक व आग्नेय आशियातील काही भागांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट रीत पसरली. तिने मासे तर मरतातच, पण प्रवाळही मरतात. क्लाउनफिशची पैदास टाकीत करता येते. नर अंडी राखतो, सुमारे आठवडाभराने पिल्ले निघतात आणि त्यांना सूक्ष्म प्राण्यांवर वाढवतात. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने ही पद्धत भारतात विकसित केली. महाराष्ट्रात ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानाने अशा पैदाशीचे केंद्र उभारले. अशी पिल्ले टाकीला सरावलेली असतात, तयार खाद्य घेतात, आणि त्यांच्यासाठी समुद्र उजाड करावा लागत नाही.

दिल्लीचा उन्हाळा

या माशांना २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. हिवाळ्यात तापक लावून काम भागते. उन्हाळा अधिक कठीण. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंशांवर एका लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम, तर ३२ अंशांवर सुमारे सहा. याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा दिवशी आपले चार मासे तग धरतील. तेथे दहा असते, तर गुदमरले असते.

पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडावा. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीही गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती सर्व टाकीतूनच घेतली गेली, तर १७० लिटर पाणी सुमारे साडेतीन अंशांनी उतरेल. मेच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मंदावतो, आणि तेव्हा खोलीच थंड ठेवावी लागते. वीज जाते त्या वेळेसाठी विजेरीवर चालणारा हवापंप जवळ असावा.

विद्यार्थ्यांसाठी निरीक्षणे

१. टाकीतून रोज किती पाणी उडते, ते मे व ऑगस्ट या दोन महिन्यांत मोजा आणि फरकाचे कारण सांगा.

२. टाकीचा नकाशा काढा. सात दिवस रोज दहा मिनिटे पाहून प्रत्येक मासा कोठे राहतो याच्या खुणा करा. कोणाच्या सीमा कोणाला भिडतात?

३. दुकानातील कोणताही एक मासा निवडून त्याला चारही कसोट्या लावा. तो कोणत्या कसोटीत नापास होतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्याच कसोटीत मिळेल. तो मासा दुकानातच राहू देणे, हेही मत्स्यपालनाच्या ज्ञानाचेच लक्षण होय.