धडा : दुभत्या जनावराच्या कासेची निगा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी एखाददुसरी गाय अथवा म्हैस असते, आणि घरचे मीठमिरची व मुलांची पुस्तके तिच्याच दुधावर चालतात. अशा जनावराच्या कासेस जो दाह होतो, ज्यास खेड्यापाड्यांत दगडी म्हणतात, त्याविषयी आज विचार करू.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गाईच्या एका सडातून गाठीगाठींचे दूध आले. शेजारी म्हणाले, दृष्ट लागली. ते आम्ही मानले नाही खरे. पण "उद्या पाहू" असे म्हणत तीन दिवस घालविले. चौथ्या दिवशी कास दगडासारखी कठीण झाली. गाय वाचली, परंतु ते सड कायमचे गेले. खोटे कारण नाकारणे पुरेसे नाही. खरे कारण ओळखून वेळेवर उठले पाहिजे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

रोग कसा होतो? तो सूक्ष्म जंतूंमुळे होतो. हे जंतू सडाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरतात. धार काढल्यावर ते छिद्र निदान अर्धा तास नीट मिटत नाही. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली, तर जंतूंस आयतेच दार मिळते. काही जंतू आजारी कासेतून निरोगी कासेत धार काढणाऱ्याच्या हातांवाटेच जातात.

रोग कसा ओळखावा? प्रत्येक सडाच्या पहिल्या दोनतीन धारा भांड्यावर ताणलेल्या काळ्या फडक्यावर घ्याव्या. गाठी, रक्त अथवा पाणचटपणा तेथे तत्काळ दिसतो. परंतु पुष्कळदा रोग गुप्त असतो. कास सुजत नाही, दूध चांगले दिसते. फक्त ते हळूहळू घटते. ह्यासाठी अमेरिकेत १९५७ साली निघालेली कॅलिफोर्निया चाचणी उपयोगी पडते. चार खळग्यांच्या पात्रात चारही सडांचे दूध निरनिराळे घेऊन त्यात तितकेच औषध मिसळतात. जे दूध बुळबुळीत व घट्ट होते, त्या सडात दाह आहे असे समजावे.

रोग कसा टाळावा?

१. गोठा कोरडा ठेवावा.

२. हात साबणाने धुवावे. सड धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. प्रत्येक जनावरास निराळे फडके असावे.

३. अंगठा मुडपून धार काढू नये. त्याने सडास आतून इजा होते. पुऱ्या मुठीने काढावी. पान्हा फार वेळ टिकत नाही, म्हणून मध्येच थांबू नये.

४. निरोगी गाईची धार आधी, आजारी गाईची शेवटी काढावी.

५. धार संपताच सड आयोडीनच्या औषधात बुडवावे. मग गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील.

६. विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवावी, आणि त्या वेळी सडांत औषध सोडण्याविषयी पशुवैद्यास विचारावे.

औषधाविषयी एक गोष्ट मनात धरावी. पशुवैद्याने दिलेले औषध पुरे दिवस द्यावे. सूज उतरली म्हणून मध्येच सोडल्यास उरलेले जंतू अधिक चिवट होतात. तसेच, त्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या गाईच्या कोणत्याही सडाचे दूध डेअरीत घालू नये व घरीही पिऊ नये. चार पैशांसाठी परक्याच्या लेकरास औषध मिसळलेले दूध पाजणे हे चोरीहून कमी नाही.

प्रश्न :

१. धार काढल्यावर गाईस लगेच का बसू देऊ नये?

२. कास सुजलेली नसतानाही दाह असू शकतो काय? तो कसा कळेल?

३. आपल्या घरी धार कोण काढते, आणि कोणत्या रीतीने?

ह्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते आज सायंकाळी गोठ्यात जाऊन पाहावे.