कार्टूनच्या शेवटी तात्पर्य हवंच का?



आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. संध्याकाळी पोरगं टीव्हीसमोर नाहीतर मोबाईल घेऊन बसतं. कार्टून चालू असतं. आपण स्वयंपाकघरातनं आवाज देतो, "यातनं काय शिकायला मिळतं रे तुला?" मुलांच्या कार्टूनमधून संस्काराचे धडे मिळालेच पाहिजेत का, मिळावेत तर कसे, हे आज पाहू. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

१. हत्तीच्या पिल्लाची गोष्ट

मी लोणंदला चौथीच्या वर्गाला शिकवतो. पावसाळ्यातली गोष्ट आहे. मैदानात चिखल, खेळाचा तास वर्गातच. म्हणून वर्गातल्या टीव्हीवर एक छोटं कार्टून लावलं. जंगलातले प्राणी हत्तीच्या एका जाडजूड पिल्लाला चिडवतात, त्याला नाना नावं ठेवतात. मग पूर येतो आणि तेच पिल्लू सगळ्यांना पाठीवर घेऊन वाचवतं. सगळे माफी मागतात. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत तात्पर्य येतं : कुणालाही चिडवू नये.

कार्टून चांगलं, हेतू चांगला. मी विचारलं, "काय शिकलात?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "कुणालाही चिडवू नये, सर!" मला समाधान वाटलं. परिपाठात आपण रोज बोधकथा सांगतो आणि मुलं असंच तात्पर्य सांगतात.

मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका अंगानं जाड मुलाला त्या पिल्लाचं नाव पडलं होतं. कार्टूनमधली बाकीची नावंही पोरांना तोंडपाठ झाली होती. तीन-चार दिवसांनी त्या मुलाची आजी शाळेत आली. त्याचे वडील कांदा मार्केटला हमाली करतात, त्यांना दिवसा यायला जमत नाही. आजी म्हणाली, "गुरुजी, पोरगं जेवंना झालंय. शाळेत खिचडीला बसत न्हाई म्हणं. तुम्ही काय दाखवलं टीव्हीवर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन मी ते कार्टून घड्याळ लावून पुन्हा पाहिलं. पाच मिनिटांतली जवळजवळ चार मिनिटं चिडवण्यात गेली होती, तीही छान गमतीदार संगीतासकट. माफी अर्ध्या मिनिटात उरकली होती. मुलांनी जे जास्त वेळ आणि जास्त मजेत पाहिलं, तेच उचललं. तात्पर्य मला द्यायला म्हणून पाठ केलं.

२. अभ्यासक काय सांगतात?

हे फक्त माझ्या वर्गात घडलं असं नाही. २००८ मध्ये मारी-लुईस मारेस आणि एमिली अकोस्टा या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना 'क्लिफर्ड' या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे आधी त्याच्यापासून लांब राहतात, मग त्याला आपलंसं करतात. दिव्यांग व्यक्तींशी आपुलकीनं वागावं, हा धडा. बहुतेक मुलांनी मात्र तो धडा तीन पायांच्या कुत्र्यापुरताच घेतला. कुत्र्यावरून माणसाकडे जाणं आपल्याला सोपं वाटतं, पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते सोपं नसतं.

दुसरा प्रयोग बी.एड., डी.एड. केलेल्यांना आठवत असेल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये मोठ्या माणसांना एका फुगीर बाहुलीला मारताना मुलांसमोर ठेवलं. एकटी सोडल्यावर मुलांनीही बाहुलीला तसंच बडवलं. १९६३ मध्ये त्यांनी हेच चित्रपटातून आणि कार्टूनसारख्या वेशातल्या पात्राकडून दाखवलं. परिणाम तसाच. १९६५ चा त्यांचा प्रयोग तर आपल्या विषयाला थेट भिडतो. काही मुलांना दाखवलेल्या फिल्ममध्ये शेवटी मारणाऱ्याला शिक्षा होते. त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण "तू काय पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस देतो," म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच सगळं करून दाखवलं! म्हणजे शेवटी खलनायकाला शिक्षा झाली, तरी आधीचा सगळा प्रकार मूल शिकलेलं असतं. फक्त ते लगेच बाहेर काढत नाही.

तिसरं उदाहरण 'लांडगा आला रे आला' या गोष्टीचं. २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून नंतर ती खरं बोलतात का हे तपासलं. लांडग्याच्या गोष्टीत आणि पिनोकियोच्या गोष्टीत खोटं बोलणाऱ्याची फजिती होते. त्या ऐकून मुलांच्या खरं बोलण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीनं. तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. भीती दाखवणाऱ्या शेवटापेक्षा चांगलं वागणं आणि त्याचं चीज झालेलं मुलांनी पाहिलं, तेव्हा ते त्यांच्यात उतरलं.

३. न शिकवता शिकलेलं

काही जण म्हणतील, "मग कार्टूननं काही शिकवूच नये. मजा येऊ द्या." हे म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून एक छोटी फिल्म केली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या चलच्चित्रांपैकी ती एक. नाव होतं 'आगकाड्यांची मौज'. त्यांनी नावातच मौज ठेवली होती. 'टॉम अँड जेरी' १९४० पासून जगभर चाललंय, त्यातही कुणी उपदेश करत नाही. दिवसभर शाळा आणि शिकवणी करून आलेल्या पोराला निव्वळ हसायचाही हक्क आहे.

पण एक लक्षात घ्या. कार्टूननं शिकवायचं नाही असं ठरवलं, तरी मूल शिकायचं थांबत नाही. आपली पोरं डोरेमॉन हिंदीतनं बघतात आणि शाळेत हिंदी सुरू व्हायच्या आधीच हिंदी बोलायला लागतात. त्यांना कुणी शिकवलं? बांगलादेशात २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉन बंद करण्यात आलं, कारण तिथली बंगाली मुलं हिंदी बोलू लागली होती. भाषा अशी नकळत आत जाते, तसं वागणंही जातं.

शिनचॅनचं उदाहरण बघा. आईला उलट बोलणारा, मोठ्यांची टर उडवणारा हा पोरगा १९९० मध्ये जपानमधल्या मोठ्या माणसांच्या एका साप्ताहिकातून जन्माला आला. मोठ्यांनी स्वतःवरच हसावं म्हणून काढलेली ती चित्रं होती. आपल्याकडे ती लहान मुलांच्या चॅनलवर आली. पालकांच्या तक्रारींवरून २००८ मध्ये सरकारनं ती मालिका थांबवली, पुढच्या वर्षी काटछाट करून ती परत आली. वाक्यं कापली. पण उलट बोललं की सगळे हसतात, हे मुलांना दिसतच राहिलं.

तेव्हा कार्टून काहीतरी शिकवणारच. प्रश्न उरतो तो कसं, याचा.

४. चांगलं तात्पर्य कसं असतं?

आपल्याकडेच एक उत्तम नमुना आहे. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म केली. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलं, त्यांना ही फिल्म अजून आठवते. तिला तर सरळसरळ तात्पर्य आहे, नावातच आहे. मग ती मुलांना कंटाळवाणी का वाटली नाही?

मला दोन कारणं दिसतात. पहिलं, त्यात लहान भाऊ आधी ताईला विचारतो, आणि मग ताई सांगते. म्हणजे मुलाचा प्रश्न आधी आहे. दुसरं, धडा चित्रात आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी एकेकटे धडपडतात तेव्हा काहीच होत नाही, आणि सगळे एकदम उडतात तेव्हा जाळंच उचललं जातं. आवाज बंद करून पाहिलं तरी चार वर्षांच्या मुलाला ते कळेल.

हे आपल्याला नवीन नाही. माऊलींची पालखी नीरा स्नान करून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा दिंड्यांमधून भारूड होतं. नाथांचं विंचवाचं भारूड आठवा. विंचू चावलेला माणूस आधी नाचतो, ओरडतो, लोळतो. बायाबापड्या, पोरं हसून हसून बेजार होतात. विंचू म्हणजे कामक्रोध, हे भारुडात सांगितलेलं आहेच. पण दंश आधी डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून सांगितलेलं पटतं. तात्पर्य सांगायला हरकत नाही. ते आधी दिसायला हवं.

५. मग आपण काय करायचं?

पालकांना आणि शिक्षकांना सहज करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

• आवाज बंद करून बघा. मुलाला दाखवायच्या आधी कार्टूनची दोन-तीन मिनिटं मुकी पाहा. भांडण कसं मिटतं, मारून की बोलून? जाड, काळं, तोतरं पात्र नेहमी हसण्यासाठीच आहे का? मुली काय करताना दिसतात? चित्र जे सांगतं, तेच मूल घेणार आहे.

• वेळ मोजा. चूक किती वेळ दाखवली, ती सुधारणं किती वेळ दाखवलं? मी हत्तीच्या कार्टूनला हाच हिशेब आधी लावायला हवा होता.

• मध्येच थांबवा, एकच प्रश्न विचारा. "आता त्याला काय वाटत असेल?" एवढंच. "काय शिकलास?" असं विचारलं की मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं.

• माणसापर्यंत आणा, पण नाव घेऊन नको. "आपल्याकडं असं कधी होतं का?" असं विचारा. "तू पण असंच करतोस," असं म्हटलं की मूल मिटून जातं.

आणि रोज प्रत्येक कार्टूनवर हे करू नका बरं का! आठवड्यातनं एखादं पुरे. बाकी वेळ पोरांना हसू द्या.

६. शेवटी वर्गात काय झालं?

ते हत्तीचं कार्टून मी पुन्हा लावलं नाही. लावलं असतं तर चिडवायला नवं निमित्त मिळालं असतं. आधी त्या मुलाशी एकट्याशी बोललो आणि चूक माझी होती हे त्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात वर्गाला दुसरं एक कार्टून दाखवलं. त्यात कावळ्याच्या पिल्लाला कुणी खेळायला घेत नाही. ते एकटं निघून जातं तिथं मी थांबवलं, आवाजही बंद केला, आणि विचारलं, "हे आता कुठं चाललंय?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ते घरी चाललंय. पण घरी काही सांगणार नाही."

वर्ग एकदम गप्प झाला. मी पुढचं कार्टून लावलं नाही आणि तात्पर्यही विचारलं नाही. चिडवायचं नाव एका दिवसात गेलं नाही, अजूनही एखाद्याच्या तोंडून निघतं. पण दोन दिवसांनी खिचडीच्या पंगतीत दोघांनी सरकून त्या मुलाला मध्ये जागा केली, आणि तो बसला.

म्हणून माझं मत असं : कार्टूनमध्ये संस्कार असावेत, पण ते गोष्टीत घडताना दिसावेत. शेवटची ओळ मुलाला स्वतःला सापडू द्यावी. ती सापडेपर्यंत कुणीतरी मोठं माणूस त्याच्या शेजारी बसलेलं असावं, एवढं तरी आपण करू शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

१) तुमच्या घरात सध्या बघितलं जाणारं एक कार्टून आवाज बंद करून पाहा. ते न बोलता काय शिकवतं?
२) लहानपणी ऐकलेली कोणती बोधकथा तुम्हाला आठवते? तिचं तात्पर्य आठवतं की प्रसंग?
३) परिपाठातल्या बोधकथेचं तात्पर्य सांगायच्या आधी मुलांना कोणता एक प्रश्न विचारता येईल?