घाटमाथ्यावरील आवारात कोणती झाडे लावावीत?

वृक्षारोपणाच्या दिवशी रोपाभोवती छायाचित्रे निघतात; आषाढ सरल्यावर त्याच रोपाकडे फारसे कोणी फिरकत नाही. आम्ही प्रवेशद्वारापाशी लावलेले पुरुषभर उंचीचे बोधिवृक्षाचे रोप पहिल्याच पावसाळ्यात बुंध्याशी मोडले. दोष रोपाचा नव्हता. आम्ही शेवटचे काम प्रथम केले होते.

गगनबावडा सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. करूळ व भुईबावडा घाटांच्या दऱ्यांतून चढणारा नैर्ऋत्येचा वारा येथे मोकळा सुटतो आणि त्याच्याबरोबर कोसळणारा पाऊस येतो. खाली जांभा, वर मातीचा पातळ थर. कोकण किनाऱ्यावर सुरू आणि उंडी लावतात, कारण तेथे खाऱ्या वाऱ्याशी गाठ असते. ती यादी येथे जशीच्या तशी उचलू नये. आपल्याकडे खार नाही, परंतु मुळांना खोलीही नाही. गुलमोहर व सिल्व्हर ओक झपाट्याने वाढतात आणि तितक्याच सहज मोडतात.

म्हणून आधी वाऱ्याच्या बाजूस झुडपांची पट्टी हवी. दगडी भिंतीने हे काम होत नाही. वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवरे घालतो. निम्मा वारा गाळून सोडणारी झुडपे मात्र सपाट जागी आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आडोसा देतात. बाहेरच्या ओळीस करवंद व तोरण, आतल्या ओळीस निर्गुडी व अडुळसा. निर्गुडी आणि अडुळसा फांदीच्या तुकड्यांपासून रुजतात. करवंदाचे व जांभळाचे बी साठवू नये. फळ खाल्ले की त्याच आठवड्यात पेरावे. (या कामास मुलांना सांगावे लागत नाही!) त्यामागे अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा ही घाटमाथ्याच्या रानातलीच झाडे लावावीत. ती वाऱ्याने खुजी व वाकडी होतात, पण टिकतात.

खड्डे उन्हाळ्यातच खणावेत आणि गुडघाभर उंचीचे रोप मृगाच्या सरींत लावावे, म्हणजे आषाढापूर्वी मूळ धरते. बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करावा. आधाराची काठी आखूड असावी व बांधणी सैल. डोलणाऱ्या खोडासच जाडी येते.

श्रीलंकेतील अनुराधपूरचा महाबोधी संघमित्रेने नेलेल्या फांदीपासून वाढला, अशी परंपरा आहे. त्याच्याभोवतीही वादळापासून रक्षणासाठी दुसरे पिंपळ राखलेले आहेत, फांद्यांना टेकू दिलेले आहेत. तरी १९०७ व १९११ च्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या. आमचे नवे रोप अद्याप कुंडीतच आहे. करवंदाची ओळ कमरेइतकी झाली की ते तिच्या आडोशास, इमारतीच्या पायापासून पन्नास फूट दूर लावू.