फुकट मिळते, पण बेवारस नाही : बुद्धिबळाच्या इंजिनांची परवान्यावरून झालेली भांडणे

तुमच्या घरात बुद्धिबळ शिकणारे मूल असेल, तर हा प्रसंग ओळखीचा असेल. शनिवारची स्पर्धा आटोपून परत येताना ते गाडीतच फोनवर आपला डाव चढवते, आणि दोन मिनिटांत मागच्या सीटवरून आवाज येतो, "बाबा, तेविसाव्या खेळीला मी जिंकत होते!" ही चूक दाखवणारे इंजिन बहुतेक वेळा 'स्टॉकफिश' असते. जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा ते कितीतरी सरस खेळते, आणि त्यासाठी तुम्ही एक पैसाही मोजलेला नसतो.

फेब्रुवारी २०२१मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या 'चेसबेस' या कंपनीने 'फॅट फ्रिट्झ २' नावाचे इंजिन सुमारे शंभर युरोंना विकायला काढले. ते स्टॉकफिशवरूनच बनवलेले होते. आता सांगा, फुकट मिळणारी वस्तू थोडी बदलून शंभर युरोंना विकणे हा परवान्याचा भंग आहे का?

बहुतेक जण 'हो' म्हणतात. खरे उत्तर 'नाही' असे आहे. तरीही प्रकरण कोर्टात गेले. हे कसे, ते समजले की मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा गाभा समजतो. तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात त्यांच्या रोजच्या कामाशीही त्याचा संबंध आहे.

आजीची मसाल्याची वही

समजा, तुमच्या आजीने गोड्या मसाल्याची कृती एका वहीत लिहून ठेवली आहे. दगडफूल किती, नागकेशर किती, खोबरे कितपत भाजायचे, सगळे त्यात आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने अटी लिहिल्या आहेत. कोणीही ही वही उतरवून घ्यावी. हवे ते बदल करावेत, पण बदल केल्याची नोंद तारखेसह करावी. आणि या कृतीचा मसाला ज्याला द्याल, त्याला तुमच्या बदलांसकट ही वहीही द्यावी, पहिले पान तसेच ठेवून.

आता नीट पाहा. मसाला किती रुपयांना विकायचा, यावर आजीने काहीच बंधन घातलेले नाही. शंभर युरोंना विका, कोणी घेतला तर उत्तम. अट आहे ती वहीची.

वही म्हणजे सोर्स कोड, आणि दळलेला मसाला म्हणजे संगणकावर चालणारी फाइल. दळलेल्या मसाल्यावरून कृती ओळखणे जवळपास अशक्य असते, म्हणून वही सोबत लागते. स्टॉकफिशला लागू असलेला परवाना म्हणजे 'जीपीएल'ची २००७ साली प्रसिद्ध झालेली तिसरी आवृत्ती. तो थोडक्यात हेच सांगतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'मुक्त' म्हणजे कॉपीराइट सोडून दिला असे नाही. उलट हा परवाना कॉपीराइटच्याच आधारावर उभा आहे. लेखक म्हणतो, "कोड माझा आहे. वापरायला मी तुला परवानगी देतो, ती या अटींवर." अट मोडली की परवानगी संपते, आणि परवानगीशिवाय प्रती वाटणे हा साधा कॉपीराइटभंग ठरतो. हे नुसते कागदावर राहिलेले नाही. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्समधल्या 'नेटफिल्टर' या कोडच्या प्रकरणात जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या होत्या.

स्टॉकफिश कोणाचे?

या गोष्टीतली गंमत अशी, की स्टॉकफिश स्वतःच दुसऱ्या इंजिनावरून बनलेले आहे. नॉर्वेच्या टूर्ड रोमस्टाड यांनी २००४ साली 'ग्लाउरुंग' नावाचे इंजिन प्रसिद्ध केले. २००८मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी त्याचा कोड घेऊन सुधारित इंजिन काढले आणि त्याला स्टॉकफिश हे नाव दिले. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा, आपल्याकडच्या सुक्या मासळीचा थंड प्रदेशातला भाऊबंद. नॉर्वेत वाळवायचा आणि इटलीत शिजवायचा, असा त्या नावातला विनोद. रोमस्टाड रागावले नाहीत. पुढे ते आणि फिनलंडचे योना कीस्की याच कामात सामील झाले.

म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनावरून नवे इंजिन करणे यात गैर काहीच नाही. परवाना त्यासाठीच असतो.

२०१३पासून 'फिशटेस्ट' नावाची व्यवस्था सुरू झाली. कोणी कोडमध्ये छोटासा बदल सुचवला, की जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात, आणि बदलाने खरोखर फायदा होतो असे आकडे दाखवतात तेव्हाच तो स्वीकारला जातो. हे डाव खेळायला लागणारा संगणकाचा वेळ जगभरचे स्वयंसेवक फुकट देतात. कोणाचा जुना संगणक रात्रभर तेवढ्यासाठी चालू असतो.

मग २०२०मध्ये मोठी उडी आली. जपानच्या यू नासू यांनी २०१८ साली शोगी या जपानी बुद्धिबळासाठी एक छोटे, साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालणारे न्यूरल नेटवर्क मांडले होते. हिसायोरी नोदा यांनी ते स्टॉकफिशला जोडून दाखवले, आणि सप्टेंबर २०२०च्या 'स्टॉकफिश १२'मध्ये ते अधिकृतपणे आले. पटावरची स्थिती कोणाच्या बाजूची, हे ठरवण्याचे काम आता हे नेटवर्क करू लागले. पुढच्या खेळ्यांचा शोध घेणारा भाग मात्र आधीचाच राहिला.

शंभर युरोंचे पाकीट

फॅट फ्रिट्झ २ आले ते यानंतर पाच महिन्यांनी. त्यातला शोधाचा भाग स्टॉकफिशचा होता. नवे होते ते वेगळे शिकवलेले नेटवर्क, ज्याचा पहिला थर दुप्पट मोठा होता, आणि ते बसवण्यासाठी कोडमध्ये केलेले थोडे बदल. त्याआधीचे 'फॅट फ्रिट्झ'ही 'लीला चेस झिरो' या दुसऱ्या मुक्त इंजिनावर उभे होते.

स्टॉकफिशच्या पथकाची तक्रार किमतीबद्दल नव्हती. जाहिरातीत हे जणू नवेच, स्वतंत्र निर्मितीचे इंजिन असल्यासारखे मांडले गेले, आणि विकत घेणाऱ्याला त्याचे हक्क नीट सांगितले गेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हक्क कोणते? कोड मिळवण्याचा, तो बदलण्याचा, आणि पैसे न देता पुढे वाटण्याचा. शंभर युरो मोजणाऱ्याला हेच ठाऊक नव्हते, की आपण घेतोय त्याचा मोठा भाग फुकट उपलब्ध आहे. आजीच्या वहीच्या भाषेत सांगायचे, तर पाकिटावर 'आमच्या घराण्याचा खास मसाला' असे छापले होते आणि पहिले पान सहज सापडत नव्हते.

त्याच कंपनीकडून विकले जाणारे 'हुदिनी ६' हे इंजिनही स्टॉकफिशवरूनच बनवलेले आहे आणि तसे कुठे सांगितलेले नाही, असाही पथकाचा दावा होता. कायदेशीर पावले उचलल्यावर फॅट फ्रिट्झ २च्या डीव्हीडी बाजारातून परत घेतल्या गेल्या आणि हुदिनी ६ची विक्री थांबली.

पण पथक तिथे थांबले नाही. त्याचे कारण जीपीएलच्या आठव्या कलमात आहे. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, असे ते कलम सांगते. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर हक्क कायमचे परत मिळतात. पुन्हा पुन्हा चूक करणाऱ्याला ही सवलत नाही. चेसबेसने वारंवार भंग केला आहे, म्हणून तिचा परवाना संपला आहे, आणि आता सगळ्या अटी पाळल्या तरी तिला स्टॉकफिश विकता येणार नाही, असे म्हणत स्टॉकफिशच्या लेखकांनी जुलै २०२१मध्ये जर्मनीत दावा दाखल केला.

नोव्हेंबर २०२२मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. स्टॉकफिशचा कोड असलेल्या वस्तूंची विक्री चेसबेसने थांबवायची आणि ग्राहकांना खरी माहिती द्यायची. एका वर्षानंतर परवाना परत मिळेल, पण जीपीएल पाळण्याच्या अटीवर. शिवाय मुक्त सॉफ्टवेअरचे नियम पाळले जातात की नाही हे पाहायला कंपनीने एक अधिकारी नेमायचा आणि त्याची माहिती देणारे वेगळे संकेतस्थळ चालवायचे.

तडजोड झाली म्हणजे न्यायाधीशांनी निवाडा दिला नाही. त्यामुळे आठव्या कलमाचा नेमका अर्थ या खटल्यातून ठरला नाही. तरीही एक गोष्ट दिसली : पगार न घेता काम करणारे काही लेखक एका जुन्या, प्रस्थापित कंपनीला अटी मान्य करायला लावू शकले, कारण आपल्या ओळींवरचा हक्क त्यांनी कधी सोडलेलाच नव्हता.

रिब्काचे भांडण वेगळे होते

या विषयावर बोलताना 'रिब्का'चे नाव निघतेच, आणि दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फाबियाँ लेतूझे यांच्या 'फ्रूट' या इंजिनाची २.१ ही आवृत्ती २००५मध्ये जीपीएलखाली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या शेवटी वासिक रायलिख यांचे रिब्का आले आणि पुढची काही वर्षे त्याने सगळ्यांना हरवले. फ्रूट आणि 'क्राफ्टी' यांच्यातला कोड रिब्कात आहे, असा ठपका संगणक-बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जून २०११मध्ये ठेवला, आणि २००७ ते २०१० ही चार वर्षांची विजेतेपदे काढून घेतली. रायलिख यांनी आरोप नाकारला. आजीवन बंदी घालण्याची पद्धत रीतसर नव्हती, असे २०१५मध्ये फिडेच्या नीतिविषयक समितीनेही म्हटले.

इथे प्रश्न मुख्यतः स्पर्धेच्या नियमाचा होता : भाग घेणारे इंजिन स्वतःचे हवे. परवाना आणि स्पर्धेचा नियम या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. जीपीएल नीट पाळूनही एखादे इंजिन स्पर्धेत अपात्र ठरू शकते.

शिवाय कल्पना आणि मजकूर यांतला फरकही इथे महत्त्वाचा. 'तीळ आधी भाजून घ्यावेत' या कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो वहीतल्या शब्दांवर असतो. फ्रूट वाचून शिकणे आणि फ्रूटच्या ओळी उचलणे यांतली रेघ कुठे ओढायची, यावर तज्ज्ञांचा वाद बराच काळ चालला.

नेटवर्क म्हणजे वही की मसाला?

जुन्या इंजिनात सगळे काही माणसाने लिहिलेल्या ओळींत होते. आता इंजिनाची बरीच ताकद लाखो आकड्यांच्या एका फाइलमध्ये असते, आणि ते आकडे कोणी हाताने लिहिलेले नसतात. ते कोट्यवधी स्थितींवरून यंत्राने शिकलेले असतात. मग हा कोड म्हणायचा की माहिती? जीपीएलच्या व्याख्येत सोर्स म्हणजे बदल करायला सर्वांत सोयीचे रूप. नेटवर्कच्या बाबतीत ते रूप म्हणजे आकड्यांची फाइल, की ज्यावर ते शिकले ती सगळी सामग्री? यावर एकमत नाही. हाच प्रश्न आज मोठ्या भाषा-मॉडेलांच्या बाबतीतही विचारला जातो. बुद्धिबळवाल्यांना तो थोडा आधी भेटला, इतकेच.

स्वतःची परीक्षा घ्या

१. एका कंपनीने स्टॉकफिशमध्ये बदल केले आणि ते फक्त आपल्या सर्व्हरवर चालवले. ग्राहकाला संकेतस्थळावर फक्त उत्तर दिसते. बदललेला कोड द्यावा लागेल का? नाही. जीपीएलची अट प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की लागू होते. ही फट बुजवायला 'एजीपीएल' हा वेगळा परवाना आहे. 'लीचेस'च्या संकेतस्थळाचा मुख्य कोड त्याच परवान्याखाली आहे.

२. तुम्ही पट दाखवणारे ॲप लिहिले, आणि ते वेगळ्या चालणाऱ्या स्टॉकफिशशी 'यूसीआय' या ठरलेल्या भाषेत निरोपांची देवाणघेवाण करते. तुमचा कोड उघड करावा लागेल का? सहसा नाही, कारण ते दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. पण स्टॉकफिशची प्रत सोबत दिलीत, तर तिचा परवाना आणि सोर्स मात्र द्यायला हवा.

३. तुम्ही स्टॉकफिश सुधारून, सोर्ससह, पन्नास पौंडांना विकले. पहिल्याच ग्राहकाने ते सगळ्यांना फुकट वाटले. तक्रार करता येईल? नाही. तुम्हाला जो हक्क मिळाला होता, तोच त्यालाही मिळाला आहे.

पुढच्या वेळी एखादे इंजिन विकत घ्यायची वेळ आली, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी शोधा : ते कशावरून बनले आहे, परवान्याचा मजकूर कुठे आहे, आणि सोर्स कुठून मिळेल. प्रामाणिक विक्रेत्याला ही माहिती लपवायची गरज नसते. आणि स्टॉकफिशच्या सोर्सबरोबर लेखकांच्या नावांची एक फाइल असते, ती एकदा मुलांबरोबर उघडून बघा. मोठी यादी आहे. तेविसाव्या खेळीची चूक कोणाकोणाच्या मेहनतीमुळे कळली, ते त्यांनाही कळू दे.