पोहताना श्वास कसा घ्यावा

आपले माकुणसार पाण्याजवळचे गाव. जवळच खाडी, वाड्यांतून विहिरी आणि बावखले. तरी गावातल्या पुष्कळ मोठ्या माणसांना पोहता येत नाही. विचारले तर म्हणतात, "गुरुजी, दम पुरत नाही हो." आम्ही म्हणतो, दम पुरतो, तो सोडायचा राहून जातो.

कसे ते पाहू. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू रक्तात जातो. रक्तातला खराब वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. नवा माणूस पाण्यात तोंड घालतो आणि दम कोंडून धरतो. खराब वायू आत साठतो. जीव घुसमटतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. मग घाबरून डोके वर काढतो. तेवढ्या क्षणात त्याला श्वास सोडायचा असतो आणि घ्यायचाही असतो. दोन्ही कामे एकदम होत नाहीत. नाकातोंडात पाणी जाते.

म्हणून तोंड पाण्यात असतानाच श्वास सोडावा. हळूहळू, बुडबुडे काढीत, नाकातोंडाने. तोंड बाहेर आले की तोंडाने चटकन श्वास घ्यावा. नाकाने घेऊ नये. थेंब वर चढला की ठसका लागतो.

हे घरीच शिकता येते. घमेल्यात स्वच्छ पाणी घ्या. तोंड बुडवून मनात चार अंक मोजा आणि तेवढा वेळ बुडबुडे काढा. तोंड वर करा, श्वास घ्या, पुन्हा बुडवा. लागोपाठ वीस वेळा जमले की मग पाण्यात उतरा. पोरे हसतील. हसू द्या.

हात मारताना श्वासासाठी डोके उचलू नका. डोके वर गेले की पाय खाली जातात. मान बाजूला वळवा. एक कान पाण्यातच राहू द्या.

"आता या वयात, या अंगाने कुठले पोहणे!" असे कोणी म्हणाले, तर मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगा. ते सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले जवान. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नुसत्या हातांच्या बळावर!

आता पुढचे चार शब्द घरी पोरांना मोठ्याने वाचून दाखवा. बावखलात पोरे पैज लावतात, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेतात. हे फार वाईट. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही; खराब वायू मात्र कमी होतो. "आता वर ये" असे शरीर सांगते ते त्याच वायूच्या जोरावर. तो कमी झाला की घुसमट जाणवतच नाही, आणि पोरगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. ना हाक, ना धडपड. काठावरच्यांना वाटते, जिंकतोय! चांगल्या पोहणाऱ्यालाही हे होते. तेव्हा ही पैज लावू देऊ नका.

आणि पोहताना कधी धाप लागलीच, तर हात वर करून ओरडत बसू नका. ओरडण्यात छातीतली हवा जाते आणि अंग खाली जाते. उताणे व्हा, कान पाण्यात टेकवा, छाती भरून श्वास घ्या. भरलेली छाती तुम्हाला वर धरील. धाप ओसरली की सावकाश काठाकडे या.