आठवीला हायस्कूलात जाण्याआधी

पालकहो,

जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवीपर्यंतच असतात. पुढे हायस्कूल तालुक्याला, नाहीतर बाजाराच्या गावी. मूल आठवीला निघाले की घरात चर्चा होते ती गणवेशाची, वह्या-पुस्तकांची आणि इंग्रजी-गणिताच्या क्लासची. शरीराची तयारी मात्र राहून जाते. माझ्या पाहण्यात पहिल्या सहामाहीत मुली शाळा बुडवू लागतात, त्या बहुधा गणिताला घाबरून नव्हे. पोटात दुखते, चक्कर येते, पाळी आली, अशी कारणे असतात.

दिवसाचा हिशेब करा. साडेनऊची एसटी, अकरा ते पाच शाळा, परतीची गाडी मिळून घरी यायला साडेसहा. म्हणजे ९ तास घराबाहेर. गावातल्या शाळेतून मुलगी लघवीला पळत घरी येत होती, आता ते शक्य नाही. मग ती स्वतःच उपाय काढते, पाणीच पीत नाही. मी आरोग्य केंद्रात होते तेव्हा शाळा सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात या वयाच्या मुली यायच्या, "सिस्टर, लघवीला आग होते." औषधाने बरे वाटे, आणि पुन्हा तीच मुलगी तीच तक्रार घेऊन दारात. खोदून विचारले की कळे, संडासाला कडी नाही किंवा आत पाणी नाही.

म्हणून दाखला घेऊन प्रवेशाला जाल तेव्हा आईने मुलींचा संडास स्वतः आत जाऊन पाहावा. पाणी आहे का, कडी लागते का, मधल्या सुट्टीत कुलूप तर नसते ना? नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकटीचा आवाज पोचत नसेल तर चार आया मिळून जा. मुलीला एक लिटरची बाटली द्या आणि ती संध्याकाळी रिकामी आली का ते बघा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

पाळी अजून आली नसली तरी दप्तरात एक छोटी पिशवी असू द्या. दोन पॅड, एक चड्डी, कागद. पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचे. हे तिला आधी सांगा, वर्गात डाग पडल्यावर नको. मुलग्यांनाही आवाज फुटणे, झोपेत वीर्य जाणे हे बापाने सांगायला हवे. तो नाही सांगत, मग मित्र काहीबाही सांगतात.

या वयात रक्त फार लवकर कमी पडते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी जेवल्यावर घ्यायची. शौचास काळी झाली म्हणून घाबरून बंद करू नका. डब्यात भाकरीबरोबर मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबाची फोड. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. शाळेची खिचडी आठवीपर्यंतच आहे, नववीपासून डब्याशिवाय इलाज नाही.

मे महिन्यातच डोळे तपासा. मोठ्या वर्गात मागे बसलेल्या मुलाला फळा दिसत नाही आणि शिक्षक त्याला ढ ठरवतात. १० व्या वर्षीची टीडीची लस राहिली असेल तर तीही विचारा. दप्तर वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. झोप ९ तास, मोबाइल आईच्या उशाशी.

कागद वेळेत करा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलग्यांना सवलतीत. जातीचा दाखला, बँक खाते तयार ठेवा. शिष्यवृत्तीची नावे वर्गात वाचली की काही मुले टोमणे मारतात. ती खिरापत नाही, आपला हक्क आहे, हे मुलाला आधीच घरी सांगून ठेवा. टोमणे थांबत नसतील तर वर्गशिक्षकांकडे त्याच्यासोबत जा. रोज सकाळी पोट दुखणाऱ्या मुलाला जंताच्या गोळीआधी हेही विचारावे लागते.

शाळा सुरू होण्याआधी एक दिवस त्याच एसटीने मुलाबरोबर जाऊन या. परतीची शेवटची गाडी कितीला, ती चुकली तर कोणाच्या घरी थांबायचे, हे ठरवा. घरचा नंबर तोंडपाठ हवा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही.