कुलपाची किंमत आणि वाणीचे तप



दुर्ग-भिलाईला लागून असलेल्या बोरसीत काही मराठी कुटुंबांचा साप्ताहिक स्वाध्याय चालतो. गेल्या महिन्यात तेथे गीतेच्या सतराव्या अध्यायाचे वाचन सुरू असताना एका ताईंनी मध्येच विचारले, "सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती पैसे दिले, ते मी पाहुण्यांसमोर जावेला सांगितलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तीन महिने झाले, दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. मग खरं बोलायचं की नाही?"

बैठकीत लगेच दोन मते पडली. काही म्हणाले, सत्य कडूच असते. काही म्हणाले, घर टिकवायचे असेल तर थोडे झाकावे लागते. दोन्ही उत्तरे आपण सर्वांनीच कधी ना कधी दिलेली आहेत आणि दोन्ही सोपी आहेत.

सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन अशी तीन तपे सांगितली आहेत. वाणीच्या तपात बोलणे सत्य असावे, प्रिय आणि हितकर असावे, ऐकणाऱ्याला उद्वेग देणारे नसावे, आणि स्वाध्यायाचा अभ्यास चालू असावा, हे सर्व एकत्र येते. यातले एक घेऊन दुसरे सोडण्याची सवलत नाही. शिवाय गीतेने याला 'तप' म्हटले आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. तपात ताप सोसायचा असतो तो करणाऱ्याने. दुसऱ्याला उन्हात उभे करून आपण तप केले, असे कोणी म्हणत नाही.

हे जगून दाखविणारे आचार्य विनोबा भावे यांच्या तरुणपणातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला वीस वर्षांचा विनायक सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. जाण्यापूर्वी त्याने आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घातली होती. पण घर सोडताना तो खोटे बोलून गेला नाही. परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, असे त्याने वडिलांना पत्राने कळविले.

काशीत त्याला एक कुलूप हवे होते. दुकानदाराने दहा आणे सांगितले. विनायक म्हणाला, याची खरी किंमत दोन आणे आहे. पण तुम्ही दहा मागता म्हणून दहा देतो. त्याने पैसे दिले आणि कुलूप घेतले. घासाघीस नाही, चार लोकांत बभ्रा नाही. जाण्या-येण्याचा रस्ता त्याच दुकानावरून होता, तरी पुन्हा तो विषय काढला नाही. काही दिवसांनी दुकानदारानेच हाक मारली, जास्त घेतल्याचे कबूल केले आणि वरचे पैसे परत दिले.

या प्रसंगाचा शेवट गोड झाला म्हणून तो आपल्याला आवडतो. मला मात्र मधले दिवस महत्त्वाचे वाटतात. दुकानदार पैसे परत करील, अशी कोणतीही खात्री नव्हती. विनायकाने खरे सांगितले आणि त्या खऱ्याचा भुर्दंड, आठ आणे, स्वतः भरला. त्या काळी एकट्या विद्यार्थ्याला आठ आणे थोडे नव्हते. दुकानदाराच्या वाट्याला दंड आला नाही. त्याच्यापाशी फक्त सत्य उरले.

त्याच वर्षी 7 जूनला कोचरब आश्रमात विनोबा गांधीजींना भेटले. पुढे 1917 मध्ये एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययनासाठी राहिले. वर्ष संपताच ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. गांधीजींनी याला सत्यनिष्ठा म्हटले, तेव्हा विनोबांनी ते आपल्या गणितप्रेमाच्या खात्यात टाकले. बोलल्याप्रमाणे वागण्याचे श्रेयसुद्धा अंगाला लावून घ्यायचे नाही, हे साधकाने टिपून ठेवावे.

परंतु जपून बोलणाऱ्याचा शब्दही नेहमी जपला जातो असे नाही. 25 डिसेंबर 1974 पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले होते. त्याच काळात आणीबाणी आली आणि 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द त्यांच्या नावाने देशभर सरकारच्या समर्थनासाठी वापरले गेले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही झाले. तरी अनेकांच्या मनातला सल गेला नाही. माझ्या मते तो खुलासा फार उशिरा झाला. दोन शब्द मोकळे सुटले की त्यांना परत बोलावणे मौन पाळणाऱ्यालाही कठीण जाते. थोर पुरुषाच्या चरित्रातला हा भाग वगळून अभ्यास करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

आता बोरसीच्या ताईंकडे येऊ. त्यांनी सांगितलेला हिशेब बरोबर होता. पण तो पाहुण्यांसमोर मांडल्यामुळे सगळा ताप जावेने सोसला. हीच गोष्ट एकांतात, आवाज न चढवता सांगता आली असती, आणि जावेने ती मान्य केली नसती तर फरकाची रक्कम आपल्या अंगावर घेण्याची तयारी ठेवता आली असती. बैठकीत हे बोलणे झाल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैशांचं मी पुन्हा काढणार नाही. पण सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, एवढं सांगायला मीच जाईन."

या आठवड्यात प्रत्येक परिजनाने रोज रात्री वहीत एकच नोंद करावी : आज मी जे खरे बोललो, ते कोणासमोर बोललो, आणि त्याचा भुर्दंड कोणी भरला? ज्या दिवशी बोलायला हवे होते आणि भीतीने गप्प बसलो, तो दिवसही लिहावा. पुढच्या बैठकीला वही सोबत आणावी. वाचून दाखविण्याची सक्ती नाही.